करंजा ते शारजा, मार्गे आयएनएस ३१९

करंजी हा एक संशयास्पद पदार्थ आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर पोलिसांकडून कळलं. तोवर मी तिच्याकडे कडेची मुरड नीट पडली की नाही, एवढ्याच नजरेनं बघत होते.

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे. खवट. आपल्याकडे खोबरं खवट होतं, तेल खवट होतं आणि माणूसही खवट होतो. पहिले दोन फेकून देता येतात. तिसरे माझे सासरे आहेत. सगळं रोडपाली गाव त्यांना दाजी म्हणतं, म्हणून मीही दाजीच म्हणते. दाजींचा जन्म मिठागरावर गेला. मिठागरांच्या जागी आता इमारती आल्या, त्यांतल्याच एकीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो, आणि दाजी गॅलरीत बसून खालच्या पार्किंगकडे असं बघतात, जणू त्या गाड्या त्यांचं मीठ तुडवतायत.

आमच्या समोरच्या दारात नूरुन्निसा. तिचे मिस्टर झकेरियाभाई, त्यांचं पनवेलच्या बाजारात भांड्यांचं दुकान. मुलगा मुआज शारजाला, बायको नशराला घेऊन. हा मुआज आमच्याच घरी वाढला म्हटलं तरी चालेल, कारण आईच्या हातचं त्याला काही नको असे आणि माझ्या हातचं काहीही चालत असे. अशी मुलं दुर्मीळ असतात. माझी स्वतःची दोन्ही तशी निघाली नाहीत.

गेल्या वर्षी झकेरियाभाई मुलाकडे निघाले, तेव्हा ईदसाठी म्हणून मी करंज्यांचा डबा दिला. म्हणजे डबा आधी दिला आणि त्यांचा व्हिसा नंतर आला. बराच नंतर. तोवर डबा त्यांच्या कपाटावर बसून होता. पुढे मुआजचा फोन आला, "चाची, छान होत्या करंज्या." मी आठवडाभर जमिनीपासून दोन बोटं वर चालत होते. मग एकदा बोलता बोलता नशरा म्हणाली, "चाची, खरं सांगू? खवट झाल्या होत्या. हे म्हणाले, चाचीला सांगू नकोस."

खवट झाल्याचं मला दुःख नव्हतं. तेलातुपाचा तो धर्मच आहे. पण मुआज मला 'छान' म्हणाला! हाच मुलगा लहानपणी आमटीत मीठ कमी पडलं तर वाटी माझ्याकडे ढकलून "चाची, हे काय आहे?" असं विचारायचा. 'छान होतं' हे आपण परक्याच्या घरी जेवल्यावर म्हणतो. समुद्रापलीकडे जाऊन या पोरानं मला परकी करून टाकलं होतं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की पुढच्या ईदला अशी करंजी पाठवायची, जी शारजात पोचून वर महिनाभर राहिली तरी बिघडणार नाही, आणि पोराला माझ्याशी खोटं बोलावं लागणार नाही.

सोसायटीत मनातली गोष्ट मनात राहत नाही. पहिल्या मजल्यावरच्या शोभाताईंनी डब्यात लवंगा टाकायला सांगितल्या. त्यांच्या जावेनं सांगितलं की लवंगा नकोत, तमालपत्र. एकीनं डबा उलटा ठेवायला सांगितला, का ते तिलाही माहीत नव्हतं. दाजींना कोणी विचारलं नव्हतं, म्हणून ते सगळ्यांत मोठ्यानं बोलले.

"मीठ टाक मीठ. करंजाची सुकट वरीसभर टिकते. तुजी करंजी पंदरा दिस नाय टिकत?"

"दाजी, करंजी गोड असते."

"मंग चूक करंजीची हाय."

आमचे हे तळोजाच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहेत. रसायनांशी त्यांचा संबंध बिलापुरता, पण घरी बोलतात असे की जणू सगळी रसायनं त्यांनीच शोधून काढली. त्यांनी कँटीनमध्ये कुणाला तरी विचारलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "अँटिऑक्सिडंट घाल. तेलाला हवा लागली की तेल खवट होतं. हा मध्ये पडतो आणि हवेचा मार स्वतःवर घेतो. तेलाचा अंगरक्षक समज."

"कुठे मिळतो हा अंगरक्षक?"

"कंपनीत ड्रम आहेत."

"तळोजाच्या ड्रममधलं काहीही माझ्या करंजीत जाणार नाही."

"अगं, रोज खातेसच तू. पुड्यांच्या पाठी वाच."

हे त्यांनी सहज म्हटलं आणि तिथेच चुकले. माझं शाळेतलं इंग्रजी लग्नाआधीच आटपलं होतं. त्यापुढचं सगळं मी औषधांच्या बाटल्या आणि मसाल्यांची पाकिटं यांवर शिकले. चष्मा लावून मी स्वयंपाकघरातलं एकेक पुडकं उलटं केलं. वनस्पती तुपाच्या पाठीवर अगदी बारीक अक्षरात सापडलं : अँटिऑक्सिडंट, आयएनएस ३१९. वेफर्सवरही तोच. सुपाच्या पाकिटावर ३२०. आणि हळदीकुंकवाला लावते त्या माझ्या लिपस्टिकच्या खोक्यावर बीएचटी अशी तीन अक्षरं. तीच खाण्याच्या पुड्यावर आली की ३२१ होतात, हे मी नंतर शोधून काढलं. एकोणीस, वीस, एकवीस! सख्खी भावंडंच. म्हणजे इतकी वर्षं मी ज्यांच्याविरुद्ध तावातावानं बोलत होते, ती मंडळी माझ्याच ओठांवर बसून ऐकत होती.

शोभाताई म्हणाल्या, "केमिकल घालणार तुम्ही मुलाच्या करंजीत?" मी त्यांना त्यांच्या मुलाच्या हातातल्या वेफर्सचं पाकीट वाचून दाखवलं. त्या दिवसापासून त्या मला जिन्यात फक्त मान हलवतात.

तर मी आयुष्यात पहिल्यांदा साजूक तुपाशी गद्दारी केली आणि वनस्पतीत करंज्या केल्या. बाकी सगळं जसंच्या तसं. खोबरं भाजून, वेलची कुटून, आणि खसखस सढळ हातानं. खसखस नसलेली करंजी म्हणजे खोबऱ्याचा खुळखुळा, असं सासूबाई म्हणायच्या. त्यांच्या सगळ्या म्हणण्यांतलं हे एकच मला पटलेलं.

पार्सल पाठवणाऱ्यांचा नियम होता : खोक्यावर वस्तूचं नाव आणि आत जे जे घातलंय ते सगळं इंग्रजीत लिहायचं. लोक अशा वेळी 'मिठाई' असं लिहून मोकळे होतात. मी प्रामाणिक बाई. शिवाय पुडक्यांची पाठ वाचून वाचून मला आता स्वतःचं एक पुडकं लिहायची हौस आली होती. जाड स्केचपेन घेतलं आणि अडले ते पहिल्याच शब्दावर. करंज्या. यात वाय नक्की कुठे घालायचा? जे च्या आधी की नंतर? दोन्हीकडे घालून पाहिला, दोन्हीकडे तो आगंतुक दिसला. शेवटी मी वाय काढूनच टाकला. के ए आर ए एन जे ए. खाली ओळीनं मैदा, खोबरं, साखर, खसखस, वनस्पती. आणि वनस्पतीतला पाहुणा राहायला नको म्हणून शेवटी ठळक अक्षरात, आयएनएस ३१९. बाजूला पाठवणारीचं नाव, मनिषा. घेणाऱ्याचं नाव, मुआज झकेरिया, शारजा.

खोका वॉचमनच्या केबिनमध्ये नेऊन ठेवला. दुपारी गाडी येऊन नेणार होती.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काळूरामजी. आयुष्यभर उरणकडे नौदलाच्या एका डेपोत होते. तिथे ते चादरी आणि ब्लँकेटांचं स्टोअर सांभाळायचे, पण निवृत्त झाल्यापासून त्यांच्या बोलण्यातून चादरी हळूहळू कमी होत गेल्या आणि नौदल वाढत गेलं. आता ते सोसायटीच्या पाण्याच्या टाकीकडेही दुर्बिणीतून पाहिल्यासारखं बघतात. त्यांनी माझा खोका पाहिला. करंजा म्हणजे उरणजवळचं बंदर. आयएनएस म्हणजे नौदलाची बोट. शारजा म्हणजे परदेश.

मी कणीक मळत होते आणि फोन टिंगटिंग करायला लागला. सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या खोक्याचा फोटो होता. खाली मजकूर : 'गेटवर संशयास्पद खोका. करंजा. आयएनएस. रवानगी परदेशात. कोणीही हात लावू नये. पोलिसांना कळवले आहे.'

मी आधी हसले. खरंच हसले. ह्यांना ऑफिसात फोन करून सांगितलं, तेही हसले. मग फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. काळूरामजींनी त्यावर लाल रंगानं दोन गोल काढले होते. एक बोटीच्या नंबराभोवती. दुसरा मुआजच्या नावाभोवती. माझं नाव तिथेच, त्याच अक्षरात, त्याच पेनानं लिहिलेलं. त्याभोवती काही नव्हतं.

खाली उत्तरं येत होती. कोणी हात जोडलेले, कोणी 'सतर्क राहूया'. आणि दर ईदला नूरुन्निसाकडे दोनदा शीरखुर्मा मागून घेणाऱ्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं, 'बरोबर आहे. हल्ली काही सांगता येत नाही.'

कणकेच्या हातानंच मी समोरचं दार वाजवलं. दार उघडंच होतं. नूरुन्निसानं गॅस बंद केला होता, भात अर्धा कच्चा तसाच. ती कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढत होती. त्यात आधार कार्डं, रेशन कार्ड, विजेची बिलं, मुआजच्या पासपोर्टची प्रत, त्याचा शाळेचा दाखला, झकेरियाभाईंच्या वडिलांच्या नावचं जुनं घरपट्टीचं पुस्तक. सगळं लावून ठेवलेलं. शोधावं काही लागलं नाही.

"नूर, अगं हे काळूरामजींचं काहीतरी येड..."

"झकेरियांना दुकानात फोन आला," ती म्हणाली. "ठाण्यात बोलावलंय. चल, तू येतेस का?"

अशी पिशवी माझ्याकडे नाही. माझी कागदपत्रं चार ड्रॉवरमध्ये आणि एका बिस्किटाच्या डब्यात आहेत. मला ती एकत्र करायची कधी वेळच आली नव्हती.

आम्ही निघालो तर दाजी चपला घालून दारात उभे.

"तुम्ही कुठे?"

"माजा पोरगा हाय तो. त्याला बे चा पाढा मी शिकिवला."

"दाजी, तिथे काही बोलायचं नाही हं."

"आमी कवा बोलतो?"

रिक्षात नूरुन्निसानं पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती.  मी मनातल्या मनात त्या गाळलेल्या वायला शिव्या देत होते. एवढासा वाय, दोन फांद्या आणि एक दांडा. घातला असता तर काय बिघडलं असतं?

ठाण्यात माझा खोका एका टेबलावर एकटाच ठेवलेला. त्याच्या चारी बाजूंना मोकळी जागा, जणू तो शिंकेल. साहेब तरुण होते, थकलेले होते. काळूरामजी भिंतीला टेकून अटेन्शनमध्ये. झकेरियाभाई बाकावर, दुकानातला रुमाल खांद्यावर तसाच. आमचे हे कंपनीतून सुटून तोवर तिथे पोचले होते, आणि येताना वाटेत वकिलांचा नंबर शोधता शोधता त्यांनी चुकून प्लंबरला फोन लावला होता.

"मुआज झकेरिया कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझा मुलगा, साहेब," झकेरियाभाई उठून उभे राहिले.

"काय करतो तिकडे? किती वर्षं झाली? कोणाकोणाशी संबंध आहेत त्याचे?"

"गोदामात सुपरवायझर आहे, साहेब."

"गोदामात. कसलं गोदाम?"

"साहेब," मी पुढे झाले, "करंज्या मी केल्यात."

"ताई, तुम्ही बसा. गोदाम कसलं?"

"टाइल्सचं, साहेब."

"साहेब, अक्षर माझं आहे. खोका माझा आहे. नावही आहे बघा माझं. मनिषा."

"हो ताई, तुमचं बघू नंतर. हा फोन वगैरे करतो तेव्हा काय काय विचारतो? इकडचं, बंदराचं वगैरे?"

नूरुन्निसानं पिशवी उघडली आणि एकेक कागद टेबलावर मांडायला लागली. कोणी मागितले नव्हते. पासपोर्टची प्रत, शाळेचा दाखला. कागद सगळे सरळ रेषेत. मी जन्मात पहिल्यांदा आरोपी व्हायला इतकी तयार होते आणि माझ्यावर संशय घ्यायला कोणी राजी नव्हतं. करंज्या माझ्या, अक्षर माझं, चूक माझी, आणि चौकशी मुआजची. इतका अपमान माझा खवटपणानंही झाला नव्हता.

"साहेब!" माझा आवाज जरा जास्तच चढला. कोपऱ्यातला हवालदारही वळला. "ते करंजा नाही. करंज्या आहे. वाय राहिला माझा. आणि आयएनएस ही बोट नाही, तेल खवट होऊ नये म्हणून घालतात ते औषध आहे. माझ्या करंज्यांचा करंजाशी काही एक संबंध नाही!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं.  मला वाटलं, पटलं. आणि नेमकं तेव्हा दाजींना वाटलं की सून खोटं बोलतेय.

"हाय ना," दाजी म्हणाले.

"काय आहे?" साहेब.

"संबंद हाय. आतलं करंजाचं हाय."

मी दाजींकडे बघितलं. ह्यांनी कपाळाला हात लावला. काळूरामजी भिंतीपासून सुटून एक पाऊल पुढे आले.

"आत काय आहे, आजोबा?" साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. पोलिसांचा आवाज मऊ झाला की घाम येतो, हे मला तेव्हा कळलं.

"आता सांगत नाय. सुनेनं बोलू नको बोललंय."

खोका उघडायचं ठरलं. हवालदारानं ब्लेडनं चिकटपट्टी कापली. सगळे एक पाऊल मागे सरले, फक्त दाजी पुढे. वरचा कागद बाजूला झाला आणि ठाण्यात एक वास पसरला. तो करंज्यांचा नव्हता. करंज्यांच्या खाली, कापडात घट्ट बांधलेली एक पुरचुंडी होती. हवालदारानं ती लाकडी पट्टीनं बाहेर ओढली, गाठ सोडली. आत जवळा. सुकवलेला, गुलाबी, खमंग जवळा.

"करंजाचा हाय," दाजी म्हणाले. "पोराला जाम आवरतो. लानपनी माज्या ताटातला खायचा. ही सून नेऊ देत नाय बोलून मीच घातला."

मी हसावं की रडावं या विचारात असताना नूरुन्निसानं तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे हलत होते. कोणतं चाललंय ते मला ओळखता येईना.

"ठीक," साहेब म्हणाले. ते अजून हसले नव्हते. "जवळा समजला. पण हे आयएनएस काय? काळूरामजी, तुम्ही नौदलातले. ३१९ नंबरची बोट आहे का?"

"साहेब, बोटींना नावं असतात," काळूरामजी चाचरले. "पण हे सांकेतिक असू शकतं."

मी इकडेतिकडे बघितलं. माणूस बुडताना काडी शोधतो, मी पुडकं शोधत होते. साहेबांच्या चहाच्या कपाशेजारी क्रीमच्या बिस्किटांचा पुडा होता. मी तो उचलला, कोणी अडवायच्या आत उलटा केला आणि चष्मा नाकावर घेतला.

"आयएनएस ३२२," मी वाचलं. "आयएनएस ५००. आयएनएस ५०३. साहेब, तुमच्या टेबलावर तर अख्खा ताफा उभा आहे."

साहेबांनी पुडा हातात घेतला. वाचला. हवालदारानं खिशातली शेवेची पुडी काढून वाचली आणि हळूच म्हणाला, "साहेब, ३१९ माझ्याकडे आहे." काळूरामजी छताकडे बघत होते. तिकडे पंखा होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. साहेब हसले, झकेरियाभाईंना पाणी दिलं, "नियमापुरतं मुलाला एक फोन लावा, कन्फर्म करतो आणि सोडतो," म्हणाले. मुआज कामावर होता, फोन नशरानं घेतला. स्पीकरवर. साहेबांनी विचारलं, पार्सल येणार होतं हे माहीत आहे का. ती म्हणाली, हो, चाचीच्या करंज्या. मग साहेब खोक्यावरची यादी वाचायला लागले. मैदा, खोबरं, साखर, खसखस...

"काय? परत वाचा."

"खसखस."

"चाची! चाची तिथे आहेत का? चाची, खसखस घातलीत? या अल्लाह! इथे खसखस अफूत मोजतात. सरळ बंदी आहे. आणि वर नाव लिहून पाठवताय तुम्ही? हे सोडवायला गेले असते ना पार्सल, तर तिथूनच आत गेले असते, चाची! नोकरी गेली असती ती वेगळीच!"

साहेबांचं बोट यादीतल्या खसखशीवर तसंच राहिलं.

मी बाकावर बसले ती बसलेच. महिनाभर मी त्या नंबराला घाबरून पुडकी वाचली, सोसायटीशी भांडले, त्या बिचाऱ्या ३१९वर सगळ्यांनी संशय घेतला. आणि पोराचा घात करणारी होती माझी लाडकी, घरंदाज, सासूबाईंच्या आशीर्वादाची खसखस. तिच्याकडे मी चष्मा लावून एकदाही बघितलं नव्हतं.

"गेल्या वर्षी," झकेरियाभाईंनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "गेल्या वर्षी पण होती का, भाभी?"

"होती."

त्यांनी उरलेलं पाणी एका घोटात संपवलं. "मी विमानतळावर त्या अधिकाऱ्याला एक देऊ केली होती. तो म्हणाला, रोजा आहे."

साहेबांनी खोका आपल्याकडे ओढून घेतला. "म्हणजे काळूरामजींनी हा अडवला नसता, तर..."

काळूरामजींची पाठ पुन्हा ताठ झाली. आणि मला जाणवलं की आता या माणसाचे आभार मानावे लागणार. शब्द घशात करंजीसारखा अडकला, टोकं दोन्हीकडून टोचत होती. पण माझ्या आधी नूरुन्निसा उठली. तिनं कागद गोळा करून पिशवीत भरले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काळूरामभाऊ, तुम्ही खोका अडवलात, माझा मुलगा वाचला. शुक्रिया. जन्मभर दुआ देईन." ती थांबली. "पण तुम्ही लाल गोल खसखशीभोवती नव्हता काढला."

 साहेबांनी बिस्किटाचा पुडा उगाचच सरळ करून ठेवला.

करंज्या ठाण्यातच संपवायचं ठरलं, कारण त्या कुठे जाण्याच्या लायकीच्या राहिल्या नव्हत्या. साहेबांनी एक खाल्ली, दुसरी घेतली आणि म्हणाले, "अजिबात खवट नाहीत, ताई." दाजी म्हणाले, "काल तलल्या. आज खवट कशा व्हतील?" जवळा मात्र त्यांनी मागून परत घेतला. पंचनाम्यात असता तरी घेतला असता.

परत येताना नूरुन्निसा जिन्यात म्हणाली, "मनिषा, राहू दे आता. त्याचं नाव कुठल्या खोक्यावर नको. चहाला ये तू, इथेच ईद करू."

"नाव असणार," मी म्हटलं. "मोठ्या अक्षरात. तू फक्त उद्या लाटायला ये."

ती आली. दिवसभर आम्ही दोघी लाटत आणि मुरड घालत बसलो. ती पारीत हात आखडता घेते, मी सारणात घेत नाही, त्यावरून दोनदा भांडणही झालं, आणि भांडण झाल्यावर मला जरा बरं वाटलं. या वेळी साजूक तूप. ३१९ला सुट्टी, कारण खोक्यावर आकडा लिहिण्याची माझ्यात हिंमत उरली नव्हती. खसखस बरणीसकट माळ्यावर.

खोका भरून गेटवर नेला तर काळूरामजी तिथे. मी छातीशी धरला. ते म्हणाले, "वहिनी, एक मिनिट." खिशातून स्केचपेन काढलं, काळं. लाल नव्हतं. के ए आर ए एन जे पर्यंत बोट नेलं आणि तिथे एक वाय घातला, अगदी नीट, स्टोअरच्या गाठोड्यांवर नंबर टाकतात तसा. मग गाडी येईपर्यंत खोक्याशेजारी स्वतः खुर्ची टाकून बसले. ग्रुपवरचा तो मजकूर त्यांनी काढून टाकला होता. तिथे आता नुसतं 'हा संदेश काढून टाकला आहे' एवढंच होतं, आणि ते मात्र प्रत्येकानं वाचलं होतं.

मग वाट बघणं आलं. खोका मध्येच कुठल्या तरी गोदामात उन्हात अडकला. ईद होऊन गेली. नूरुन्निसा दारात दिसली की मी विचारायची, "पोचला?" ती मान हलवायची. साजूक तूप, वर ऊन, आणि बंद डबा. काय होत असेल ते माझ्या नाकाला पनवेलात बसून कळत होतं. दाजी म्हणाले, "मीठ टाकलं असतंस तर." 

एका दुपारी मुआजचा आवाज आला, फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेला. मी नूरुन्निसाला हाक मारली, हे रविवारचे घरीच होते, दाजी गॅलरीत. ऐकवताना माझं बोट दोनदा चुकीच्या जागी पडलं.

"चाची," तो म्हणत होता, तोंडात काहीतरी भरलेलं, "हे काय आहे? खवट झाल्यात सगळ्या! काय पाठवता तुम्ही? पुढच्या वर्षी तो नंबर घाला गपचूप. नशरा तर हातच लावत नाही. मी आपला चहात बुडवून बुडवून संपवतोय."

मी पदरानं डोळे पुसायला लागले. हे घाबरून जवळ आले, "अगं, पुढच्या वर्षी घालू ना नंबर, त्यात काय एवढं?" नूरुन्निसानं त्यांना हातानं गप्प केलं. तिला कळलं होतं. पोरानं वाटी माझ्याकडे ढकलली होती.

रेकॉर्डिंग अजून संपलं नव्हतं.

"आणि चाची, एक सांगा. करंज्यांना सुकटीचा वास का येतोय?"

आम्ही तिघांनी एकदम गॅलरीकडे वळून बघितलं. दाजी डोळे मिटून, तोंड उघडं टाकून, भर दुपारी गाढ झोपलेले होते. फक्त पायाचा अंगठा हलत होता.